दारू सोडायची आहे, पण जायचं कुठे? ठाणे, कल्याण-डोंबिवलीतल्या कुटुंबांसाठी मीटिंग शोधण्याची माहिती

दारू हराम आहे हे आपल्या घरात लहान मुलालाही माहीत असतं. म्हणूनच घरात कुणी पिऊ लागलं की पहिली प्रतिक्रिया असते ती लपवण्याची. अम्मी शेजाऱ्यांना सांगते, "तबियत ठीक नाही." बायको माहेरी बोलत नाही. भाऊ कामाच्या ठिकाणी फोन करून सुट्टी मागतो. असं करता करता पाच-दहा वर्षं निघून जातात, आणि आजार मात्र वाढत राहतो.

आम्ही शिक्षक आहोत. पालकसभेला वर्षानुवर्षं फक्त आईच येते, मुलगा वडिलांचा विषय निघाला की खाली बघतो, हे आमच्या पेशातल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. अशा घरांकडून आम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "सर, तो सोडायला तयार आहे. पण पाठवायचं कुठे? आणि तिथे आपल्या माणसाला कोण समजून घेईल?" हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी एक आकडा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यानुसार 10 ते 75 वयोगटातले सुमारे 16 कोटी लोक दारू पितात, आणि सुमारे 5.7 कोटींना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. दारूच्या आहारी गेलेल्या दर 38 जणांपैकी फक्त एकाला कसलेतरी उपचार मिळाले होते. म्हणजे उरलेले 37 जण आणि त्यांची घरं एकटीच झुंजत आहेत. त्यांत सर्व धर्मांचे लोक आहेत, आपलेही आहेत.

आधी डॉक्टर, मग मीटिंग

मीटिंग शोधण्याआधी एक गोष्ट तपासा. माणूस रोज पितो का? सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात का? ते थांबवायला थोडी घ्यावी लागते का? असं असेल तर त्याची दारू घरच्या घरी अचानक बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

कारण असं आहे की रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूला सरावलेला असतो. दारू एकदम थांबली की काही तासांतच थरथर, घाम, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात, वेळ-काळाचं भान जातं. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो.

आपल्याकडे इथेच मोठा घोळ होतो. माणूस भिंतीकडे बघून बडबडायला लागला की घरचे म्हणतात, "बाहेरचं काहीतरी आहे, असर आहे." मग त्याला आमिलकडे नेलं जातं आणि मोलाचे तास वाया जातात. दुआ जरूर करा, पण हॉस्पिटलच्या वाटेवर करा. योग्य औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व वेळेवर मिळालं तर हा टप्पा साधारण आठवड्याभरात पार पडतो.

रमजानच्या आदल्या रात्री "आजपासून बंद" अशी शपथ घेणारे खूप असतात. नीयत सुंदर आहे. पण रोज पिणाऱ्याने ही तयारी दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावी. उपचार चालू असताना रोजा ठेवायचा की नाही, हे डॉक्टरांना आणि आपल्या मौलानांना दोघांनाही विचारा. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत खुद्द कुरआनमध्ये, सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतींत आहे.

मीटिंग म्हणजे नेमकं काय?

दारू शरीरातून आठवड्यात निघते, मनातून निघायला वर्षं लागतात. त्यासाठी मीटिंग. सर्वांत जुनी आणि सर्वदूर पसरलेली संघटना म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, बोलीभाषेत ए.ए. 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन हे शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक भेटले. दोघेही दारूपायी रसातळाला गेलेले. एका पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्याशी मोकळेपणाने बोललं की दोघांची दारू दूर राहते, हे त्यांच्या लक्षात आलं. सगळ्या कामाचं मूळ हेच. भारतात ए.ए. 1957 मध्ये सुरू झाली.

ए.ए.चे नियम सोपे आहेत. सदस्य होण्यासाठी एकच अट, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, ज्याला जमेल तो पाच-दहा रुपये टाकतो, नाही टाकले तरी चालतं. बाहेरून देणगी घेतली जात नाही. फक्त पहिलं नाव सांगायचं. आडनाव, पत्ता, नोकरी कुणी विचारत नाही. मीटिंगमध्ये ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही.

हे सगळं खरंच उपयोगी पडतं का? 2020 मध्ये कॉक्रेन या संस्थेने 27 अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त रुग्णांची माहिती तपासली. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्याशी जोडून देणारे उपचार इतर मानसोपचारांच्या बरोबरीचे, आणि बऱ्याचदा त्यांच्याहून सरस ठरले. अर्थात मीटिंग हा डॉक्टरांना पर्याय नाही. दोन्ही हातात हात घालून चालतात.

हे आपल्या दीनशी जुळतं का?

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो योग्यच आहे. ए.ए.चा जन्म ख्रिस्ती वातावरणात झाला. आपल्याकडेही बऱ्याच मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या वर्गात भरतात, कारण तिथे कमी भाड्यात जागा मिळते. पण ए.ए. कुठल्याही धर्माची नाही. तिच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख "आम्हाला जसा समजला तसा" अशा अर्थाने येतो. हिंदू बसतो तो त्याच्या समजुतीने, मुस्लिम बसतो तो अल्लाहवर भरवसा ठेवून. मीटिंगच्या शेवटी एक छोटी प्रार्थना होते. ती म्हणायची सक्ती नाही, गप्प उभं राहून मनात आपली दुआ केली तरी कुणी काही म्हणत नाही.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात 1989 मध्ये मुस्लिमांनी 'मिल्लती इस्लामी' नावाचा गट सुरू केला आणि याच बारा पायऱ्या इस्लामी चौकटीत मांडल्या. ड्रग्जसाठी अशाच पद्धतीने चालणाऱ्या नार्कोटिक्स ॲनॉनिमसचे जगात सर्वाधिक सदस्य असलेल्या देशांमध्ये इराण आहे. तेव्हा ही वाट आपल्या लोकांनी चाललेली आहे.

दुसरी शंका अशी: "अल्लाहने झाकलेला गुनाह चारचौघांत का उघडा करायचा?" मीटिंगमध्ये गुनाहांची यादी वाचायची नसते. "मला हा आजार आहे, काल असं झालं, आज असा दिवस काढला," इतकं पुरतं. बोलायचं नसेल तर "आज फक्त ऐकतो" म्हणा. जे खूप आतलं आहे ते एखाद्या भरवशाच्या जुन्या सदस्याजवळ, समुपदेशकाजवळ बोला.

आणि घरच्यांनी, मोहल्ल्यातल्यांनी एक हदीस आठवावी. दारूसाठी पुन्हा पुन्हा शिक्षा झालेल्या एका सहाबींना कुणीतरी लानत दिली, तेव्हा पैगंबरसाहेबांनी (स.) त्याला रोखलं आणि त्या माणसाचं अल्लाह-रसूलवर प्रेम आहे याची ग्वाही दिली. सहीह बुखारीत हा प्रसंग आहे. कृत्य चूकच होतं, पण माणसाला टाकून दिलं नाही.

कुठली मीटिंग कुणासाठी?

मीटिंगचे प्रकार माहीत असले की शोध निम्मा होतो.

बंद मीटिंग: फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी. घरच्यांना आत प्रवेश नसतो.

खुली मीटिंग: घरचे, मित्र, डॉक्टर, शिक्षक कुणीही बसू शकतं. पहिल्यांदा जाताना धाकधूक असेल तर भावाला सोबत घेऊन खुल्या मीटिंगपासून सुरुवात करावी.

अल-अनॉन: पिणाऱ्याच्या बायको, आई-वडील, भाऊ-बहिणींसाठी. 1951 मध्ये सुरू झालेली स्वतंत्र संघटना. पिणारा माणूस यायला तयार नसला तरी घरच्यांनी इथे जायला हरकत नाही.

अलाटीन: याच कुटुंबांतल्या किशोरवयीन मुलांसाठी.

एन.ए.: गोळ्या, कफ सिरप, एमडी, गर्द अशा नशेसाठी. दारू आणि गोळ्या दोन्ही असतील तर इथेही जाता येतं.

फॉलो-अप गट: एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्यांसाठी त्या केंद्राने चालवलेला गट.

ऑनलाइन मीटिंग: फोनवर. कॅमेरा बंद ठेवता येतो. स्त्रियांसाठी आणि शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांसाठी सोयीची. पण शक्य असेल तिथे प्रत्यक्ष मीटिंगची जोड द्या.

शोध कुठून सुरू करायचा?

सर्वांत सोपं म्हणजे फोन. व्यसनमुक्तीसाठी सरकारची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे. मानसिक आरोग्यासाठी 'टेली मानस' ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, नंबर 14416. तिथे मराठीत बोलता येतं. फोन करताना जिल्हा ठाणे सांगा आणि जवळचं उपचार केंद्र विचारा.

ए.ए.च्या भारतातल्या सामान्य सेवा कार्यालयाच्या संकेतस्थळावर मीटिंगची यादी आणि मदतीचे नंबर असतात. वार, वेळ आणि जागा बदलत राहतात, म्हणून जुन्या छापील यादीवर विसंबू नका. निघण्याआधी फोन करून खात्री करा.

ठाण्यात आणखी दोन दारं आहेत. एक म्हणजे ठाणे प्रादेशिक मनोरुग्णालय, 1901 पासून चालू असलेलं सरकारी रुग्णालय. नाव ऐकून घाबरू नका. बाह्यरुग्ण विभागात दाखवून औषध घेऊन घरी येणारे लोक तिथे रोज असतात. दुसरं म्हणजे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच. तिथे समुपदेशन आणि मानसोपचार मिळतात. कळवा-मुंब्र्याच्या लोकांना महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ पडतं. कल्याण-डोंबिवलीकरांनी रुक्मिणीबाई किंवा शास्त्रीनगर या पालिका रुग्णालयांतून सुरुवात करून पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागावी.

भरती व्हायची गरज असेल तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक मदतीच्या बळावर. उपचार 35 दिवसांचे असतात. पेशंटच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गटही तिथे चालतो. कल्याणहून पुण्याला थेट गाड्या असल्याने आपल्या भागातले पुष्कळ लोक तिथे जातात. तिथून सुटी मिळताना आपल्या घराजवळ फॉलो-अप किंवा ए.ए.ची मीटिंग कुठे आहे, हे लिहून घ्यायला विसरू नका. 35 दिवसांनी खरी परीक्षा सुरू होते.

निवडताना काय बघायचं?

अंतर: मुंब्रा, राबोडी किंवा कल्याणच्या जुन्या मोहल्ल्यात राहणाऱ्याला "कुणी ओळखीचं भेटलं तर?" ही भीती खरी असते. त्यावर साधा उपाय म्हणजे दोन-तीन स्टेशनं सोडून जा. मुंब्र्याचा माणूस डोंबिवलीला, कल्याणचा ठाण्याला. लोकलचा पास असतोच. आणि समजा तिथे मोहल्ल्यातला कुणी भेटलाच, तर तोही त्याच कारणाने आलेला असतो! पण अंतर इतकंही नको की पाऊस पडला, गाड्या रखडल्या की जाणं बंद. लांबची एक आणि जवळची एक, अशा दोन मीटिंग ठरवून ठेवा.

वेळ: बऱ्याच मीटिंग संध्याकाळी असतात, कारण पिण्याची वेळही तीच असते. कामावरून सुटून बारकडे वळणारे पाय त्या दीड तासात मीटिंगमध्ये बसतात. मगरिब किंवा इशाची वेळ आत येत असेल तर सुरुवातीलाच सांगा, दहा मिनिटं बाहेर जाऊन नमाज पढून परत येता येतं. रमजानमध्ये इफ्तार-तरावीहमुळे संध्याकाळ जमत नाही. त्या महिन्यासाठी रविवार सकाळची किंवा ऑनलाइन मीटिंग आधीच शोधून ठेवा, खंड पडू देऊ नका.

भाषा: आपल्या भागात मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत मीटिंग होतात. ज्या भाषेत माणूस घरी भांडतो आणि रडतो, ती निवडा. उर्दू बोलणाऱ्याला हिंदी मीटिंग सहज जमते.

स्त्रिया: स्त्रियाही पितात, पण त्यांना बोलायला जागा आणखी कमी. फोनवर विचारताना "स्त्रियांची मीटिंग आहे का, किंवा स्त्री सदस्य येतात का?" असं थेट विचारा. पहिली ओळख स्त्री सदस्याशीच करून घ्या.

पहिल्या दिवशी काय होतं?

खुर्च्या मांडलेल्या असतात, चहा असतो. साधारण दीड तास. एक जण सुरुवात करतो, मग एकेक जण आपला अनुभव सांगतो. मध्ये कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही. कुणाला दारूविना एक वर्ष पूर्ण झालं असेल तर त्याचा 'बर्थडे' साजरा होतो. नव्या माणसाचे हात थरथरत असले तरी कुणी टक लावून बघत नाही, कारण तिथल्या प्रत्येकाचे कधी ना कधी थरथरलेले असतात.

निघताना दोन-तीन फोन नंबर घ्या. इच्छा अनावर होईल तेव्हा पहिला घोट घेण्याआधी फोन करायचा, हा त्या नंबरांचा उपयोग. पुढे हळूहळू एखादा जुना सदस्य 'स्पॉन्सर' म्हणून, म्हणजे वाट दाखवणारा सोबती म्हणून निवडतात. पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री निवडावी हा तिथला रिवाज आहे, तो आपल्यालाही सोयीचा.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. किमान पाच-सहा वेळा, दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन बघा. प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो. पहिल्या तीन महिन्यांत शक्य तितक्या मीटिंग करा, जुने सदस्य तर रोज एक करायला सांगतात.

इथून लांब राहा

- "बिना बताए दारू छुडाएं" अशी पत्रकं लोकलच्या डब्यात चिकटवलेली असतात. न सांगता जेवणात कुठलीही पूड, गोळी घालू नका. डायसल्फिराम नावाची गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. ती फक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि पेशंटला सांगूनच द्यायची असते.
- मारहाण करणारी, साखळीने बांधणारी, घरच्यांना भेटू न देणारी केंद्रं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे, आणि दारूचं व्यसन या कायद्यात येतं.
- "एका इंजेक्शनात कायमची सुटेल" अशी हमी देणारे.
- मीटिंगमध्ये पैसे उसने मागणारे, धंद्याची स्कीम विकणारे किंवा धर्म बदलण्याची गोष्ट काढणारे. असं झालं तर गट बदला, दारू सोडणं सोडू नका.

घरच्यांनी काय करावं?

बाटल्या शोधणं, खिसे तपासणं, कुरआनवर हात ठेवून कसम घ्यायला लावणं, हे बहुतेक घरांत होतं. कसम मोडली की त्याला स्वतःची आणखी लाज वाटते, आणि लाज बुडवायला तो पुन्हा पितो. त्यापेक्षा तो शुद्धीत असताना, सकाळी, शांतपणे एवढंच म्हणा: "तुम्ही आजारी आहात. मी माहिती काढली आहे. शनिवारी आपण जाऊ."

त्याचं कर्ज फेडणं आणि त्याच्यासाठी खोटं बोलणं मात्र थांबवा. हे कठोर वाटतं, पण परिणाम त्याच्यापर्यंत पोचले नाहीत तर बदलायचं कारणही पोचत नाही.

मारहाण होत असेल तर ती सहन करणं म्हणजे सब्र नव्हे. स्त्रियांसाठी 181 आणि तातडीसाठी 112 या नंबरांवर मदत मिळते, मुलांसाठी 1098. मुलांना त्यांच्या वयाला समजेल असं खरं सांगा: "अब्बांना आजार आहे, तुझ्यामुळे झालेला नाही."

पुन्हा प्यायला तर?

अनेकांचं होतं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा धोक्याच्या, असं जुने सदस्य सांगतात. आपल्या घरांत त्यात आणखी एक भर घाला: ईदची रात्र. महिनाभर थांबलेला माणूस चाँदरातीला मित्रांच्या गाडीत बसतो आणि पुन्हा तिथेच येतो. म्हणून रमजानमध्ये सोडलेल्या माणसाची चाँदरात आणि ईदची संध्याकाळ आधीच ठरवून टाका. कोणासोबत असणार, कोणाला फोन करणार, मीटिंग कुठली. महिनाभर न पिता राहता येतं, हे त्याने स्वतःच सिद्ध केलेलं असतं. अकरा महिन्यांसाठी फक्त सोबत लागते.

घसरला तर दुसऱ्याच दिवशी परत मीटिंगला पाठवा. तिथे कुणी हाकलून देत नाही. पुन्हा रोज पिणं सुरू झालं असेल तर आधी डॉक्टर, मग मीटिंग, हा क्रम विसरू नका. तौबाचं दार उघडं असतं असं आपण मिंबरवरून ऐकतो. घराचंही ठेवावं.

मस्जिदच्या ट्रस्टींना, मदरशाच्या उस्तादांना आणि शाळांना आमची एक विनंती आहे. सूचनाफलकावर 14446 आणि 14416 हे दोन नंबर मोठ्या अक्षरांत लावा. खाली नाव, गाव, कारण काही लिहायची गरज नाही. ज्याला हवे आहेत तो नमाजनंतर चप्पल घालता घालता गुपचूप फोनमध्ये टिपून घेईल.